काच भरलेलं माणिक

बाजारात तिला सगळे भिंगबाई म्हणत. खडा अस्सल की बनावट, एवढंच सांगायचा तिचा धंदा. पण त्यात मार खावा लागतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तुमचं नीलम कारखान्यात तयार झालंय, एवढंच ती म्हणाली, तर एका घरंदाज गृहस्थाने तिचा पुढचा दात पाडला होता. त्या जागचा दात नकली आहे, हे ती न विचारता सांगायची.

धाकटा भाऊ शेजारच्या गाळ्यात सोनारकाम करायचा. खडा जाळाखाली धरण्याआधी ताईला दाखवायचा, असा दोघांचा शिरस्ता. त्या दिवशी ताईच्या दारात नेहमीसारखी मारामारी चालली होती, म्हणून त्याने परस्परच काम उरकलं. जागांच्या दलालाच्या बायकोची अंगठी मोठी करताना माणिक न काढताच ज्योत लावली. माणकावर भेगांचं पांढरं जाळं उठलं.

ओरडा ऐकून ताई धावली, तोवर दलालाने भावाची दोन बोटं हातोडीने फोडली होती. उरलेला पंजा गुडघ्याखाली ऐरणीवर दाबला होता.

“खडा बदललास ना, चोरा?”

“दादा, तोच आहे तो,” ताई म्हणाली. “भेगा आधीपासूनच होत्या. आत काच भरून झाकल्या होत्या. आच लागली, काच वितळून बाहेर आली.”

“भावाची बाजू घेतेस?”

“माझ्यावर विश्वास ठेवू नका. वहिनींच्या कानांत याच संचातली माणकं आहेत. एक द्या, तापवून दाखवते.”

वहिनी, म्हणजे दलालाची बायको, कोपऱ्यातून हलेना. दलालाने हात लांबवून कानातलं ओढलं. पाळी फाटली, फिरकी काढण्याइतका वेळ त्याच्यापाशी नव्हता.

ताईने ज्योत धरली. तेही माणिक तस्संच पांढरं पडलं.

“सासऱ्याने दिलाय हा संच,” दलाल अगदी हळू म्हणाला. पंजा सोडला, हातोडी घेतली आणि निघाला. जाताजाता काचेचं कपाट फोडलं, बहुधा सवयीने.

वहिनीने धडक्या कानाला फोन लावला. “बाबा, कडी लावून घ्या. हो. कळलं त्यांना.”

ताई भावाची बोटं एकेक दाबून पाहत होती. तो किंचाळला की ती पुढच्या बोटावर जायची.

“दोन गेली. बाकी अस्सल आहेत,” ती म्हणाली. “चल, दवाखान्यात.”