नकाशातली पांढरी गल्ली

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत मी काय नोकरी करते ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. माय सगळ्यांना सांगायची, माझी पोर वरून सगळं बघते. त्यामुळे सुट्टीत घरी आले की कुणी ना कुणी विचारायचंच, काय गं, आमची गच्चीवरची मिरची वाळली का? मी त्यांना समजावून सांगायचे की मी उपग्रह उडवत नाही. उपग्रहानं पाठवलेल्या चित्रांवरून नकाशे करणाऱ्या सरकारी केंद्रात, दुसऱ्या शहरात, संगणकासमोर बसते. देशात कुठे पूर आला की कुठवर पाणी पसरलंय याचा नकाशा काही तासांत तयार करून जिल्ह्यांना पाठवायचा, हे आमचं काम. आमचे साहेब त्याला हसून म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाकणं. मला त्या कामाचा फार अभिमान होता, हे आधीच कबूल करते.

त्या श्रावणात सुरतेत खाडीला पूर आला. दिवस कानबाईचा होता. खानदेशातून आलेल्या आमच्या घरांमध्ये रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप देऊन, नथ-शालू घालून पाटावर बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवतात. आमच्या समोरच्या मावशीकडे बसली होती. मावशी मायच्या गावची, माझी सख्खी कुणी नव्हे. पण माझे वडील, बापू, डाईंग मिलमध्ये पाळीवर आणि माय साड्यांना टिकल्या लावण्यात गुंतलेली, तेव्हा मला शाळेत सोडायला तीच यायची. तिला साखरेचा त्रास होता, पायाला मुंग्या यायच्या, घर तळमजल्यावर.

सकाळी अकराच्या सुमारास मायचा फोन आला. "लोके इचारी ऱ्हायनात, शाळामा जावानं का नही?" रस्त्यावरच्या दुमजली शाळेत महापालिकेनं सोय केली होती. गल्लीत अजून पाणी नव्हतं, आणि बसलेली देवी सोडून घर रिकामं करायला कुणाचं मन धजत नव्हतं.

मी म्हटलं, थांब, बघून सांगते. उपग्रहाच्या पहाटेच्या फेरीवरून केलेला सुरतेचा नकाशा आमच्याच टेबलावर तयार झाला होता. पाणी निळं, बाकी पांढरं. खाडीकाठची शेतं आणि मोकळे प्लॉट निळे झाले होते. आमची गल्ली पांढरी होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या खात्यात शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. ढगांतून पाहणारा आमचा उपग्रह जमिनीवर लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. मोकळ्या शेतात पाणी साचलं की लगेच कळतं. पण भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत लहरी भिंतींवर आपटून अशा परततात की खाली पाणी आहे की रस्ता, काही सांगता येत नाही. म्हणून अशी वस्ती आम्ही नकाशातून वगळतो. ती पांढरी राहते. पांढरं म्हणजे कोरडं नव्हे. खाली सूचीत बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं.

मला हे माहीत होतं. पण अख्खा नकाशा मोबाईलवर मुंगीएवढा दिसला असता. म्हणून मी गोडादऱ्याचा तेवढा भाग कापला, मोठा केला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. सूची खाली राहून गेली. घाईत, आणि थोड्या ऐटीत. पोरीचा नकाशा आला म्हणून लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, तीही मी कौतुकानं पाहिली.

दोनच्या आसपास पाणी गल्लीत शिरलं ते एकदम कमरेएवढं. माय वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. मावशीचे यजमान, म्हणजे काका, तिला धरून शाळेकडे निघाले, पण गल्लीच्या तोंडाशी पाण्याला ओढ होती आणि तिचा हात सुटला. पाणी उतरल्यावर ती सापडली.

दहाव्याला मी गेले होते. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, आणि ते मला सहन झालं नाही.

नोकरीवर परतल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं आणि मागणी केली की वगळलेली वस्ती यापुढे पांढरी सोडायची नाही, तिच्यावर करड्या रेघा मारायच्या. मोबाईलवर कापली तरी रेघा तिच्याबरोबर जातील. बैठकीत कुणी म्हणालं, अर्धं शहर करडं दिसेल. लोक म्हणतील, एवढा उपग्रह सोडला आणि अर्धं शहर दिसत नाही. मी म्हटलं, दिसत नाहीच. रेघा आल्या. पुढे वस्तीतलं पाणीही ओळखता यावं म्हणून प्रत्यक्ष भिंतींवरच्या खुणा मोजायचं ठरलं, तेव्हा सुरत मी मागून घेतली.

टेप आणि वही घेऊन मी दारोदार गेले. सगळ्यात शेवटी समोरच्या घरी. काकांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. मग भिंतीजवळ जाऊन छातीच्या थोडा खाली हात टेकवला.

"आठलोंग उनं व्हतं."

पाणी इथवर आलं होतं. मी टेप लावली, आकडा लिहिला. मग वही मिटून म्हटलं, "काका, तो नकाशा मी कापून पाठवला होता. खालचा मजकूर राहिला. चूक माझी आहे."

काकांनी भिंतीवरचा हात खाली घेतला. "तिले मीच दखाडा तो," ते म्हणाले. "ती कानबाई पदरमा लिसन, चपला घालीसन उभी व्हती. मी सांगं, बस, पोरना नकाशा उना, आपली गल्ली कोरडी शे."

मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "खाले काय लिखेल व्हतं, बेटा?"

मी सांगितलं. पांढऱ्या भागात पाणी आहे की नाही, ते आम्हाला माहीत नाही, असं लिहिलं होतं.

"माहीत नही, इतलंच?"

"इतकंच."

"मंग ती जाती व्हती," काका म्हणाले. मावशीचा स्वभाव मलाही ठाऊक होता. ती गेलीच असती.