कंट्रोलमध्ये

बाबांना बीपी होता आणि तो त्यांना मुळीच मान्य नव्हता. दुखत नाही, खुपत नाही, मग आजार कसला, असं त्यांचं म्हणणं. तिरोड्याजवळ आमची धानाची शेती. तिथून त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात यायला लावायचं काम माझं, कारण मी इथे शाळेत शिकवते.

दवाखान्यात एमडी करणारी एक पोरगी होती, पुण्याकडची. बीपीच्या रुग्णांवर तिचा अभ्यास सुरू होता. निम्म्यांना दर आठवड्याला फोन करून गोळ्या, मीठ, खाणंपिणं समजावून सांगायचं, उरलेल्यांना नेहमीचेच उपचार द्यायचे आणि शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची. काका-काका करत तिने बाबांनाही त्यात घेतलं. मी तेव्हा शाळेत होते.

बाबा घरी पोचले ते मिशीला पीळ देतच. आईला म्हणाले, "मॅडमनं सोताच्या तोंडानं सांगतलन, मी कंट्रोलमंधी आहो. आता गोळ्या कायले खाऊ?"

आमच्याकडे राशनच्या दुकानालाही कंट्रोलच म्हणतात. आईने त्यांना सोडलं नाही. "कंट्रोलमंधी? म्हंजे डॉक्टरीन तांदूळ वाटून राहिली का जी?" हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मलाही हसू आलं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. गोळ्यांचं मात्र ती बोललीच नाही. ते सांगण्यासारखं तिला वाटलंच नसावं.

धान कापणीला आला असताना बाबा बांधावर कोसळले. उजवी बाजू गेली, आणि वाचाही. गोळ्या केव्हाच बंद होत्या, हे आईने तेव्हा दवाखान्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन वॉर्डात आले. बाबांच्या खाटेशी थांबून त्यांनी विचारलं, पेशंटने गोळ्या का सोडल्या असतील? एक पोरगा फटकन म्हणाला, "सर, हे लोक ऐकतच नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "ऐकलं म्हणूनच हे झालं," मी म्हटलं. "तुमच्याच डॉक्टरने सांगितलं, कंट्रोलमध्ये आहात म्हणून."

घोळक्यातून ती पोरगी पुढे आली. चेहरा पार उतरलेला. "सर, काका माझ्या अभ्यासात कंट्रोल ग्रुपमध्ये होते. ज्यांना फोन करायचा नव्हता, त्या गटात. मी त्यांना एवढंच म्हणाले, की तुम्ही कंट्रोलमध्ये आहात."

मोठ्या डॉक्टरांनी बाबांची नाडी बघितली, जी त्यांनी आधीच एकदा बघितली होती. मला त्या पोरीचा संताप आला, अजूनही येतो. ती खोटं बोलली असती तर राग धरणं तरी सोपं गेलं असतं.

बाबांना आता व्यायामासाठी नेते तेव्हा ती कधीकधी भेटते. परवा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आता मी प्रत्येक पेशंटला थांबवून विचारते. मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला परत सांगा, म्हणते. त्याशिवाय घरी पाठवत नाही."

चांगलं करतेस, म्हटलं. बाबा शेजारच्या बाकावर बसून आम्हा दोघींकडे बघत होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. खूप वेळ त्यांचे ओठ हलत राहिले, आणि मग त्यांनी तो नाद सोडून दिला.