टाच आपटली की वळणारी मुलं

सोमवारी धाकटीची नोकरी जाणार, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. घरात सगळे झोपलेत आणि मी हे लिहीत बसले आहे.

धाकटी लेक बॅडमिंटन शिकवते, ऐकू न येणाऱ्या मुलांना. गळ्यात शिट्टी नाही. तिचा उपयोग काय? जुन्या हॉलची जमीन लाकडी. तिने दणकन टाच आपटली की थरथर मुलांच्या तळव्यांपर्यंत पोचायची आणि अकराच्या अकरा तोंडं तिच्याकडे वळायची. मग हातांनी बोलणं. नऊ वर्षं हे असंच चाललं.

महिन्यापूर्वी क्लबच्या समितीने तो हॉल सभासदांना दिला आणि हिची बॅच गावाबाहेरच्या नव्या संकुलात धाडली. दोन बस, दीड तास. सात मुलं गळाली, चार उरली. आणि तिथली जमीन सिमेंटची! मंगळवारी एक मुलगी शटलवर नजर ठेवून मागे मागे सरकत होती. धाकटीने टाच आपटली, पुन्हा आपटली. मुलगी खांबावर आदळली. डोक्याला लिंबाएवढं टेंगूळ.

संध्याकाळी ती सचिवांपुढे उभी राहिली. मीही होते, गप्प बसायला.

"अहो मॅडम, नेट तेच, रॅकेट त्याच. फरक काय पडतो?"

"सर, कान झाकून भिंतीकडे तोंड करा. मी मागून हाक मारते."

"चेष्टा करताय?"

"नाही. सोमवारी सहाला बॅच जुन्या हॉलमध्येच भरेल."

"मग मंगळवारी यायची तसदी घेऊ नका."

परतताना मी म्हटलं, "बाई गं, जरा जमवून घे ना."

"मी घेईन गं आई. पण त्या सिमेंटची समजूत कोण घालणार, तू?"

मला तिचा राग आला. मग स्वतःचाच आला. जन्मभर मी जमवूनच घेतलं. त्याने कुणाचं भलं झालं?

ती एकटी उभी राहिली तर तिला काढतील. अकरा घरं उभी राहिली तर? पण पालकांना परस्पर कळवायचं नाही, निरोप कार्यालयातूनच जातील, असं समितीने तिला बजावलं आहे.

मला कुणी काही बजावलेलं नाही. तिच्या वहीतले सगळे नंबर मी उतरवून घेतलेत. उजाडलं की पहिला फोन त्या टेंगूळवालीच्या आईला.