उन्हात गाडी, सावलीत फ्रिज

लखनौच्या जानकीपुरममध्ये विजयाबाई कुठे राहतात असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. पण एम्बुलेन्सवाली आंटी म्हटलं की पानवालासुद्धा घरापर्यंत पोचवून येईल. कारण त्यांच्या दारात एक जुनी रुग्णवाहिका उभी असते, लिलावात घेतलेली. त्यातली स्ट्रेचरची जागा आता बिछान्याने घेतली आहे. सलाइनच्या हुकाला कढई टांगलेली असते. आणि टपावर सूर्याच्या विजेच्या दोन काळ्या पाट्या आहेत. विजयाबाईंचे यजमान नरहरराव म्हणतात, "जन्मभर देवाला सांगत आलो, या गाडीत बसायची वेळ आणू नको. देवाने ऐकलं, पण बायकोने नाही ऐकलं."

विजयाबाई मूळच्या भुसावळच्या. वडील पंढरीनाथ रेल्वेत बॅटरीवाले होते. रेल्वेच्या डब्याखाली मोठ्या पेट्यांत बॅटऱ्या असतात, त्यांच्यावर आतले दिवे-पंखे चालतात, त्या सांभाळणं हे त्यांचं काम. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी एकोणीस वर्षांची विजया लागली, आठवी पास. नरहरराव हवाई दलात ड्रायव्हर, त्यांची लखनौला बदली झाली तेव्हा तिनेही बदली मागून घेतली. इथल्या शेडमध्ये बाई म्हणून ती एकटीच. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, दीदी, चाय बनाने आई हो क्या? दीदीने चोवीस सेलची पेटी उघडली आणि त्यातला मेलेला सेल दहा मिनिटांत शोधून त्याच्या हातात दिला. पुढे छत्तीस वर्षं चहा तोच आणत होता. त्याचं नाव नसीम, आणि तो अजून घरचा माणूस आहे.

तर अशी बाई निवृत्त झाली आणि तिच्या मनाने घेतलं की आखाजीला माहेरी जायचं, ते स्वतःच्या गाडीतून. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात ती काय असते ते लेकीबाळींना विचारा. झाडाला झोका बांधतात, घागर पुजतात, आणि सासरी गेलेली लेक म्हातारी झाली तरी त्या दिवशी लेकच असते. भुसावळला धाकटी बहीण कांचन वाट बघत होती. वाटेत पेट्रोल पंपाच्या मागे, कुणाच्या शेताच्या कडेला मुक्काम करायचा, आणि कुणाकडे विजेचा प्लग मागायचा नाही.

मुलगा रणजित सरकारी दफ्तरात अधिकारी. त्याचं म्हणणं, ट्रेनने जा ना, एसीचं तिकीट काढून देतो. विजयाबाई म्हणाल्या, "एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे डबे उजळले रे. आता एक माझा."

रणजितची काळजी खोटी नव्हती. नरहररावांना दोन वेळा इन्सुलिन लागतं. ते थंडच हवं, आठ डिग्रीच्या वर गेलं की भरवसा नाही. आणि उन्हाळा तो, एप्रिल निम्माच सरला होता तरी पारा चाळीसला टेकलेला. तेव्हा मायलेकांत करार झाला. मलिहाबादच्या रस्त्याला नसीमभाईंची आंब्याची बाग आहे, तिथे वीज नाही. तिथे तीन दिवस राहायचं. गाडीतल्या छोट्या फ्रिजचा काटा आठच्या वर गेला नाही तर भुसावळ. गेला, तर परीक्षा तिथेच संपली आणि गाडी अलीगंजच्या एका गिऱ्हाइकाला द्यायची. तो नुसत्या निरोपाची वाट बघत होता.

परीक्षक म्हणून रणजित रजा काढून स्वतः आला, लॅपटॉप घेऊन. विजयाबाईंनी बरोबर जाड तारेचं एक वेटोळं घेतलं होतं, तार मनगटाएवढी नसली तरी अंगठ्याएवढी नक्की. ते बघून तो हसला. आई, ये क्या, म्हैस बांधायची आहे का? विजयाबाईंनी वेटोळं खाटेखाली सरकवलं.

बागेत पोचले आणि पहिलीच चूक झाली. चूक कुणाची? खोटं कशाला बोला, विजयाबाईंचीच. दशहरी आंब्याचं एक झाड असं घेरदार, की खाली दुपारी दिवा लावावा. नरहररावांना ऊन सोसत नाही, म्हणून बाईंनी गाडी बरोब्बर त्या झाडाखाली लावायला सांगितली. दिवस कसा छान गेला. कैरीचं पन्हं झालं, दोन पंखे भरभर फिरले, रणजितने लॅपटॉपवर दफ्तरचं काम उरकलं, आणि नवऱ्याला गार वाटतंय याच कौतुकात बाई टपावरच्या पाट्या विसरल्या. ज्या बाईने साऱ्या शेडला शिकवलं, तिने सूर्याच्या पाट्या सावलीत निजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजचा लाल दिवा लुकलुकत होता. फ्रिज बंद पडलेला. काटा सातवर.

रणजितने मोबाइलमध्ये बघितलं. पाट्यांची वीज आणि गाडीतली बॅटरी दाखवणारं ॲप त्याने त्यात घातलं होतं, ते बॅटरी अजून चाळीस टक्के दाखवत होतं. विजयाबाईंनी पिशवीतून आपली काचेची नळी काढली. शेडमधून निघताना नसीमभाईंनी हीच निरोपाची भेट दिली होती. बॅटरीचं पाणी तिच्यात ओढलं की आतला तरंगा खरं काय ते सांगतो. भरलेली बॅटरी बाराशे चाळीस सांगते. तरंगा अकराशे तीसवर बसला.

"तुझा मोबाइल भिडस्त आहे," विजयाबाई म्हणाल्या. "ही रिकामी आहे."

रणजित मऊ आवाजात म्हणाला, चल आई, घरी जाऊ. हो गया. त्याने बाबांचं औषध ठेवायला थर्मासही काढला. नरहरराव चपला घालून गाडीच्या चाकांकडे बघत उभे राहिले. विजयाबाईंना भुसावळ आठवलं. कांचनने झोक्याचा दोर आणूनसुद्धा ठेवला होता.

मग त्यांनी काट्याकडे पुन्हा बघितलं. सात. करार आठचा होता.

"फ्रिजचं दार कुणी उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "अहो, गाडी काढा. तिकडे, विहिरीपाशी उघड्यावर."

नरहररावांनी किल्ली घातली. रणजित म्हणाला, अगं, उन्हात गाडीची भट्टी होईल, फ्रिज दुप्पट वीज खाईल. मुलगा शिकलेला, बोलला ते खरंच होतं. पण ज्या बाईने चाळीस उन्हाळे पापड-कुरडया घातल्या तिला हे कुणी शिकवायचं? वाळवण उन्हात घालतात, म्हणून राखण करणारा काही उन्हात बसत नाही. तो काठी घेऊन सावलीत बसतो.

विजयाबाईंनी खाटेखालून ते म्हशीचं दावं काढलं. फ्रिज उचलून बापलेकांनी आंब्याखाली नेला, त्याच्यावर ओलं पोतं टाकलं, हवा जायची जाळी तेवढी मोकळी ठेवून. गाडी उन्हात, फ्रिज सावलीत, आणि मधे पंचवीस पावलं जाड तार. रणजितने विचारलं, माझी पातळ वायर आहे ना, हलकी आहे. त्यावर आईने सांगितलं की बारा व्होल्टची वीज म्हाताऱ्या माणसासारखी असते, अरुंद वाटेने लांब चालवली की अर्ध्यातच दमते. तिला रुंद रस्ता लागतो.

तार जोडली. लाल दिवा जाऊन हिरवा आला. फ्रिज गुरगुरला. नरहरराव खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसले, पाहुण्याशेजारी बसावं तसे.

दुपारी तीनला रणजितने हाक मारली. पाट्यांची वीज एकदम पडली होती, ऊन तर लख्ख. विजयाबाईंनी टपाकडे बघितलं. विहिरीवरच्या शेवग्याची एक फांदी, तिची हातभर सावली एका पाटीच्या कोपऱ्यावर आली होती. रणजित म्हणाला, एवढीशी तर आहे, बाकी सगळी पाटी उन्हात आहे.

"एक सेल मेला की अख्खी पेटी मरते," विजयाबाई म्हणाल्या. "दोन्ही पाट्या एकामागे एक जोडल्यात. गाडी चार हात पुढे घे."

त्याने घेतली. वीज परत आली. त्याने मोबाइलकडे बघितलं, मग आईकडे. लहानपणी शाळेत आईचं काम विचारलं की तो नुसतं रेल्वे में हैं म्हणायचा. पुढे विचारलं की गप्प. आई तेलकट हातांनी बॅटऱ्या उचलते हे त्याला सांगवत नसे. विजयाबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि आदल्या दिवशी लॅपटॉपने किती वीज खाल्ली तेही त्या बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी त्यांनी एक पंखा बंद केला आणि लॅपटॉपची वायर घडी करून आपल्या उशीखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नसीमभाई आले. फ्रिजचा काटा पाचवर. विजयाबाईंनी नळी काढली, पण रणजित म्हणाला, मला दे. त्याने पाणी ओढलं, नळी डोळ्यासमोर सरळ धरली, आईने न सांगता, आणि वाचलं, "बाराशे तीस."

नसीमभाई म्हणाले, "बेटा, आपकी अम्मी की दी हुई रीडिंग हमारे यहाँ कोई दोबारा नहीं लेता था."

"मालूम नहीं था, चाचा," रणजित म्हणाला. मग तिथेच उभं राहून त्याने अलीगंजच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. गाडी विकायची नाही, असं सांगितलं. पलीकडच्याने कारण विचारलं असावं. रणजित म्हणाला, "मेरी माँ ट्रेन लाइटिंग में थीं, भाईसाहब. बैटरियाँ सँभालती थीं. उनको चाहिए."

विजयाबाईंनी पदराने काचेची नळी पुसली. पुसलेलीच होती, पण पुन्हा पुसली.

आखाजीच्या आठ दिवस आधी गाडी निघाली. उन्हं तापायच्या आत नरहरराव गाडी हाकणार, मग मुक्काम. जाड तारेचं वेटोळं रणजितने स्वतः सलाइनच्या दुसऱ्या हुकाला टांगलं, हाताशी. मग खिडकीशी येऊन त्याने विचारलं, आई, वाटेत थांबणार तरी कुठे कुठे, गावं तर सांग.

विजयाबाईंनी खिडकीची काच खाली केली.

"ऊन दिसेल तिथे," त्या म्हणाल्या. "आणि शेजारी तुझ्या बाबांपुरतं एक झाड."