कांदा चिरायला कुणी सांगायचं?

भुईगावच्या रोझलिनने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बिझनेस मॅनेजमेंटला नाव घातलं, तेव्हा तिचा दीर ॲन्सेल्म ओट्यावरूनच म्हणाला, "वहिनी, आता केळीला मॅनेजर नेमणार काय?"

"नेमणार. आणि पहिला तुला काढणार," म्हणत ती विरारच्या बसकडे धावली.

बाई तिखट. वाडीतली केळी नि मोगरा जन्मभर दलाल सांगेल त्या भावाने गेला, आणि वर तो दलाल दर वेळी म्हणायचा, "तुम्हाला धंद्यातलं काय कळतं?" लोक नोकरीसाठी शिकतात, ही त्या एका वाक्याशी भांडायला शिकली. त्यात वाईट काय? भांडायचं तर विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी भांडावं.

दर रविवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा आटपून ती विरार पूर्वेच्या अभ्यासकेंद्रावर हजर. बघता बघता तिसरं, शेवटचं वर्ष आलं आणि प्रात्यक्षिक लागलं: चौघांच्या गटाने केंद्राच्या आवारात एक दिवस खाण्याचा स्टॉल चालवायचा. फसला तर अख्खं वर्ष पुन्हा, पदवी लांबणीवर. रोझलिन गटप्रमुख. बाकी तिघं चाळीस पावसाळेही न बघितलेली: चंदनसारचा संकेत, मनवेलपाड्याच्या सुरुची आणि स्वप्ना. स्वप्नाने पहिल्याच दिवशी 'आंटी' म्हणून हाक मारली होती.

"आंटी तुमच्या सोसायटीत. मला मावशी म्हणायचं."

कोलंबीचं कालवण आणि पाव, असं ठरलं. मग रोझलिन एवढंच बोलली, "शनिवारी दुपारी माझ्या घरी कोलंबी येणार आहे."

तिच्या लेखी सगळं सांगून झालं. भुईगावात लग्नघर 'शुक्रवारी मांडव' एवढंच म्हणतं आणि आळी आपापली सुरी घेऊन दारात येते. कुणी कुणाला काम वाटून देत नाही. शेजारणीला 'तू कांदे चीर' म्हणणं म्हणजे तिला मोलकरीण म्हणणं. पुढच्या लग्नाला ती पाय ठेवायची नाही.

शनिवारी रोझलिनने चार पाट मांडले, चार विळ्या धुतल्या. पाटांवर मांजर येऊन बसलं. दुसरं कुणी नाही. सगळी कोलंबी तिने एकटीने सोलली, रागाने एकेकीची मान मोडत. कांद्यांना मात्र हात लावला नाही. तसंच पोतं रिक्षात टाकलं.

रविवारी केंद्रावर तिघं आली ती इस्त्रीचे कपडे घालून, सेंट मारून.

"पाहुणे आलात? या, बसा! लाज कुठे ठेवून आलात?"

संकेतही काही कमी नव्हता. "मावशी, तुम्ही बोलावलंत कुठे? आम्ही ग्रुपवर मेसेजची वाट बघतोय. लीडर तुम्ही ना?"

"कोलंबी येणार म्हणाले होते मी!"

"मला वाटलं, तुम्ही खूश होऊन सांगताय."

"मग काय हुकूम सोडायचा? तू काय माझा गडी आहेस?"

सुरुचीला हसू आवरेना. "मावशी, आमच्या बिल्डिंगमध्ये न बोलावता कुणाच्या किचनमध्ये शिरलं ना, तर लोक वॉचमनला हाक मारतात."

रोझलिनने घड्याळ बघितलं. गिऱ्हाईक तासाभरावर आलं होतं. देवळात शिवी द्यावी तसं ती जेमतेम पुटपुटली, "संकेत, तू... कांदे चीर."

"चिरतो की! त्यात काय?"

एवढंच होतं तर! मग तिची जीभ सुटली. स्वप्ना कुपनांवर, सुरुची पाव भाजायला. जेवणवेळेलाच सगळं खपून पातेलं खरवडायची पाळी आली.

तपासायला आलेल्या सरांनी विचारलं, "नियोजन कसं केलंत?"

"चुकलं माझं, सर. आमच्या गावात काम सांगितलं तर अपमान, इथे नाही सांगितलं तर बोंब. मला एकच रीत ठाऊक होती."

सरांनी आणखी एक पाव मागितला.

निकालात रोझलिन पास झाली. पुढच्या खेपेला केळीचा भाव तिने स्वतः सांगितला. दलालाने "तुम्हाला धंद्यातलं..." एवढं म्हटलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि वजनकाटा पुढे ओढला.

मे महिन्यात भाची एमिलीचं लग्न निघालं. मांडवाच्या दिवशी रोझलिन सवयीने बोलून गेली, "मर्सीआत्या, तुम्ही लसूण सोला."

म्हातारीने सुरी खाली ठेवली. "कॉलेजात जाऊन आमच्यावर हुकूम करायला शिकलीस?"

"मॅनेजर आली, मॅनेजर!" ॲन्सेल्म ओरडला. अख्खा मांडव हसला आणि रोझलिनने जीभ चावली.

इतक्यात दारात रिक्षा थांबली. तिघं उतरली, हातात नव्या कोऱ्या सुऱ्या. 'शुक्रवारी मांडव' एवढंच तिने ग्रुपवर टाकलं होतं. कुणाला काही न विचारता संकेत आत्याशेजारी मांडी घालून बसला आणि कांदे ओढून चिरू लागला. त्याचे ते जाडजूड काप आत्याने उचलून बघितले.

"तू कुणाचा रे?"

"रोझलिन मावशीचा," संकेत म्हणाला.

"मग बारीक चीर," म्हणत आत्याने लसूण पुढे ओढला.