मेन कुणी पाडला

२०२२ साल. मला तेव्हा पंचाहत्तरावं लागलं होतं. म्हातारा म्हणायचं त्यांनी म्हणावं, पण मी स्टुलावर चढून छताच्या पंख्याला हात घालत होतो आणि खाली स्टूल धरायला कुणाला बोलावत नव्हतो.

आधीच सांगून ठेवतो... भूतबीत, अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणं, यातलं मी काही मानत आलो नाही. जन्मभर वायरमनचं काम केलं. करंट डोळ्याला दिसत नाही, खरं आहे, पण टेस्टर लावला की कळतो आहे का नाही. ज्याला टेस्टर लावता येत नाही ते माझ्या हिशेबी नाही. या पानावर लोक आपले असले अनुभव लिहितात ते वाचून मी हसत होतो. आता मीच लिहितोय, तर तुम्ही हसा.

आम्ही तंजावूरचे मराठे. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ. माझी शाळा तमिळमधली, ती पण पाचवीपर्यंत. ही अक्षरं बापानं पाटीवर काढून शिकवली, म्हणून कशीतरी येतात. चूक असेल तर नीट करून घ्या, पण वायरिंगचं लिहिलंय त्यात हात घालू नका, ते बरोबर आहे. माझ्या मुलीला, मुक्ताला, मराठी बोललेलं सगळं कळतं, पण ही अक्षरं तिला वाचता येत नाहीत. म्हणून तर लिहायला बसलो. हे तिला कळायला नको.

घर आमचं मेल वीथीच्या मागच्या गल्लीत. कौलारू, अरुंद, आत लांब गेलेलं. पुढचं दार, त्याला लागून बोळ, बोळाच्या भिंतीवर मेन स्विच. बोळ संपला की हॉल. हॉलात उभं राहिलं तर मेन दिसत नाही, भिंत आड येते. हे ध्यानात ठेवा.

मेन म्हणजे आता असतो तसला बोटानं टिक करायचा नव्हे. जुना लोखंडी डबा, बाजूला दांडा. दांडा वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. आपोआप पडायचं त्यात काही नाही. दांडा इतका घट्ट की मला पण तळहाताच्या टाचेनं दाबावा लागतो, आणि पडतो तेव्हा खटाक करून सगळ्या घराला ऐकू जातो.

त्या वर्षी पोंगलला मुक्ता कोइमतूरहून आली होती. रुक्मी, म्हणजे माझी बायको, जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. मुक्तानं हात उंच करून हॉलच्या बोर्डात फोनचा चार्जर घातला, काढताना ओढला, तर अख्खा बोर्ड स्क्रूसकट भिंतीतून बाहेर आला आणि वायरींवर लोंबकळला. चुन्याची पूड फरशीभर.

"अप्पा! हे बघा! हे असं घर, आणि तुम्ही इथे एकटे!"

"बोर्डाला काही झालेलं नाही. भिंत सुटली."

"तुमचा हात त्यात गेला असता म्हणजे?"

"माझा हात कुठं जातो ते मला कळतं. तुझा गेला असता."

"माझा गेला असता म्हणजे बरं का?"

ती म्हणाली, इलेक्ट्रिशियन पाठवते. मी म्हटलं, या घरात माझ्याशिवाय दुसऱ्यानं बोर्डाला हात लावला तर मी त्या भिंतीकडे बघणार नाही. मग ती रडकुंडीला आली.

"ठीक आहे. तुम्हीच बसवा. पण अप्पा, बसवता आला नाही, कुठं पडलात, काही झालं, तर मग एक शब्द न बोलता माझ्याकडे यायचं. बोला."

"बसवता आला तर?"

"तर पुन्हा 'चला' म्हणणार नाही."

"सरि," मी म्हटलं. ठरलं.

तिला वाटत होतं मी हट्ट करतोय. हट्ट होताच, नाही कशाला म्हणू! पण कोइमतूरला पाचव्या मजल्यावर जाऊन मी करणार काय? मुक्ता आणि जावई सकाळी ऑफिसला जाणार, मी खिडकीत बसणार. इथे निदान भिंती ओळखीच्या. आणि घर सोडलं की रुक्मीची उभं राहायची जागा सुटणार, असं पण वाटायचं. ते कुणाला बोललो नव्हतो.

उभं राहायची जागा म्हणजे काय ते सांगतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. घरातला एक बोर्ड उघडून बसलो होतो, मेन बंद करून. माझा चुलता बाहेरून आला, अंधार बघून त्यानं दांडा वर केला. मी फेकला जाऊन उंबऱ्यावर पडलो. रुक्मीनं ते डोळ्यांनी बघितलं. तेव्हापासून आमच्या घरात मेनला हात फक्त तिचा. मी बोर्ड उघडणार म्हटलं की ती चुलीवरचं असेल तसं टाकून बोळात जायची, दांडा पाडायची आणि काम संपेपर्यंत त्यावर हात ठेवून उभी राहायची. भात करपला तरी हलायची नाही. "बस की गं, खुर्ची घे," म्हटलं तर म्हणायची, "बसले तर डोळा लागेल."

मी स्टुलावरून ओरडायचो, "पाडला?"

ती बोळातून, "पाडला. घाला हात."

मग मी हात घालायचो. काम झालं की, "उचल!" की खटाक, की दिवा. जन्मभर असंच. लोकांच्या घरी मी स्वतः फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकत होतो, त्यात एकदा पण चूक नाही. माझ्या घरी मात्र मी मेनला कधी हात लावलाच नाही. लावायची गरजच पडली नाही.

बोर्डाचं काम मी मुक्ता गेल्यावर काढलं. चुन्याच्या भिंतीत प्लॅस्टिकचा प्लग धरत नाही, नुसता गरगर फिरतो. त्याला लाकडाची गट्टी लागते. भोक असं करायचं की तोंड लहान आणि पोट मोठं, मडक्यासारखं. गट्टी आतल्या बाजूला जाड. भोवती सिमेंट दाबून भरायचं आणि एक रात्र हात लावायचा नाही. मग तो बोर्ड तुम्ही लोंबकळलात तरी येत नाही. हे सगळं आदल्या दिवशी करून ठेवलं. त्यात करंटला हात लावायचं कारण नव्हतं, जुना बोर्ड वायरींसकट खुंटीला टांगून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर लोखंडी स्टूल लावलं आणि चढलो. पुढच्या दाराला आतून कडी. डोक्यावर पंखा चालू होता, त्याचा स्विच दुसऱ्या भिंतीवर आहे. पंख्याचा वारा भिंतीवरची पूड उडवून डोळ्यांत घालत होता. मी डोळे पुसले आणि पंख्याला एक शिवी दिली. हे मला पक्कं आठवतं. पंखा चालू होता म्हणजे मेन चालू होता. यात शंका नको.

मग मी ओरडलो, "पाडला?"

सवय. दुसरं काय? माणूस गेलं तरी तोंडाला कुठं कळतं.

आणि हात घातला.

जुन्या बोर्डाच्या वायरी सोडवल्या. फेजची, म्हणजे करंट असतो ती वायर काळी पडली होती, तिचं टोक कापलं आणि दातांनी सोललं. हसू नका, सगळे वायरमन दातांनीच सोलतात. पाय अनवाणी, स्टूल लोखंडी, गट्टीभोवतीचं सिमेंट अजून ओलसर, त्या भिंतीला माझं मनगट टेकलेलं. आणि फेजचं तांबं माझ्या दातांत. नव्या बोर्डाला वायरी जोडल्या, बोर्ड भिंतीला लावला, चारी स्क्रू पिळले. एकेक स्क्रू कुरकुरत आत गेला, गट्टीनं पकडलं की हाताला कळतं. बोर्ड दोन्ही हातांनी धरून ओढून बघितला. भिंत हलेल, बोर्ड हलणार नाही, असा बसला. मला इतकं बरं वाटलं. मुक्ताला दाखवायचा होता.

"उचल!" मी ओरडलो.

दिवा लागला नाही.

"अगं, उचल की!"

तेव्हा माझाच आवाज मला ऐकू आला. त्या लांब घरात तो मागच्या परसापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. हॉलात कुणी नाही. बोळात कुणी नाही. दीड वर्षापासून नाही.

मग मला दिसलं की पंखा थांबलाय. कधी थांबला? वारा कधी गेला? कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि मला पत्ता नव्हता.

करंट गेला असेल म्हणून कान दिला. शेजारच्या कामाक्षीच्या घरात टीव्हीवर मालिका चालू होती, बाई मोठ्यानं रडत होती. तिच्याकडे करंट होता. आमची लाइन एकाच खांबावरून आहे.

मी स्टुलावरून उतरलो. बोळात गेलो. दांडा खाली होता. पूर्ण खाली, जिथं दाबून बसवावा लागतो तिथपर्यंत. दाराची कडी आतून तशीच.

मग भिंतीपलीकडून कामाक्षी ओरडली, "अण्णा! मुक्ता आली काय?"

"नाही. का?"

"ओरडत होता की कुणावर तरी."

"तुला दुसरं कुणी ऐकू आलं?" मी विचारलं. कसं विचारलं ते माझं मला माहीत.

"नाही हो, तुम्हीच. एकटा माणूस कुणावर ओरडणार? म्हणून विचारलं. गरम कापी पाठवू?"

"नको."

दांडा मीच वर केला. तळहाताची टाच दुखली. हॉलात दिवा लागला, पंखा फिरायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तूच पाडलास आणि विसरलास. मी पण तेच धरून बसलो होतो. पण पंख्याचा वारा डोळ्यांत जात होता तेव्हा मी स्टुलावर होतो, आणि तिथून काम होईपर्यंत उतरलो नाही. दांडा जुना झाला, आपोआप पडला? त्यानंतर मी तो हातोडीच्या दांडक्यानं ठोकून बघितला, लोंबकळून बघितला. हलला नाही. आणि आपोआप पडला असता तर खटाक झालं असतं. मी खटाक ऐकलं नाही.

खरं सांगायचं तर मला याचं एवढं वाटत नाही. दुसऱ्याच एका गोष्टीचं वाटतं. "पाडला?" म्हटल्यावर उत्तर आल्याशिवाय माझा हात कधी बोर्डात गेलेला नाही. एकदाही नाही. ती खोकत असली, तिला उशीर झाला, तर मी हात हवेत धरून थांबत होतो. त्या दिवशी माझा हात गेला. मग मला काय ऐकू आलं? मी पुष्कळ आठवून बघितलं. काही ऐकल्याचं आठवत नाही... आणि न ऐकल्याचं पण आठवत नाही. ते कसं काय, मला कळलेलं नाही. आजपण नाही. टेस्टर लावायला जागाच नाही तिथं.

आणि पाडायला कुणीतरी होतं, तर उचलायला का नव्हतं? दोनदा ओरडलो मी.

त्या संध्याकाळी सांबार-भात तसाच ठेवला आणि हॉलात बोर्डासमोर बसलो. बोर्ड बसला होता. ठरल्याप्रमाणे मी जिंकलो होतो, मुक्ता पुन्हा चला म्हणणार नव्हती. बसून विचार केला. तिथं कुणी नव्हतं आणि दांडा नुसता नशिबानं पडला असेल, तर मी मेन चालू ठेवून फेज दातांत धरणारा माणूस आहे, मला एकट्यानं राहायचा हक्क नाही. आणि तिथं खरंच कुणी होतं, तर ते अजून उभंच आहे. भात करपला तरी न हलणारं. आणि मी इथं राहीन तोवर ते उभंच राहणार, कारण माझा हात कुठं ना कुठं जाणारच, मी काय गप्प बसणारा माणूस आहे?

कसंही धरलं तरी उत्तर एकच येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापी प्यायच्या आधी मुक्ताला फोन लावला.

"अप्पा? एवढ्या सकाळी? पडलात का?"

"पडायला काय झालंय मला! बोर्ड बसवला. हलत नाही."

"बरं बाई, जिंकलात. आता काय, हार घालू?"

"ये आणि घेऊन जा."

"काय? बोर्ड?"

"मला."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "काय झालं अप्पा? खरं सांगा."

"काही झालं नाही. घेऊन जा म्हटलं तर घेऊन जा, प्रश्न विचारू नकोस," म्हटलं आणि फोन ठेवला. तिला वाटतं तिच्या रडण्यानं मी वितळलो. वाटू दे.

मग हॉलातली लाकडी खुर्ची उचलली, बोळात नेली, मेनच्या खाली भिंतीला टेकवून ठेवली. आणि म्हटलं, "बस गं आता."