मारकी फटफटी

सन छप्पन. माझं वय तेवीस. आई बावीस म्हणायची, पण आईचं एक बोट उसाच्या चरकात गेलेलं, त्यामुळं तिचा हिशेब कायम एकानं कमी यायचा. मी तेवीसच धरतो.

त्या साली आमच्या गावचा पैलवान गेला. परतूरपासून तीन कोसावर आमचं गाव, आन् जत्रेत गावाचं नाव निघायचं ते त्याच्यापायी. माझ्याहून लहान, पण तालमीत माझा जोडीदार. रोज सकाळी तो मला पाडायचा. तो माझ्याहून भारी हाय असं मी कधी कबूल केलं न्हाई. मी म्हणायचो, आज माती वली होती. आमच्या तालमीतली माती बाराही महिने वलीच असायची.

त्याला मारलं फटफटीनं.

फटफटी परतूरच्या एका मारवाडी शेठची. कापसाची आडत, चार पिढ्या हितंच गेलेल्या. शेठचा पोरगा आमच्याच वयाचा, अंगानं तुरीच्या काटकीसारखा, पण कुस्तीचा नाद असा की जल्मात लंगोट न लावता सगळे डाव तोंडपाठ. बापानं फटफटी घेऊन दिली तशी ती दाखवायला तो पहिला आमच्या तालमीत आला. सगळ्यांनी हात लावून बघितली. एकानं तिच्यापुढं चारा बी धरला, चेष्टेनं. आमचा पैलवान म्हणला, "मला एक चक्कर मारू दे." शेठच्या पोरानं त्याला न्हाई म्हणणं शक्यच नव्हतं. नाल्याच्या उतारावर फटफटी उधळली, दरडीला धडकली, आन् तो दगडावर पडला. जागीच गेला. फटफटीचा नुस्ता दिवा फुटला.

रडायचीच गोष्ट. रडलो बी. पण आमच्या गावाला धड रडता येत न्हाई.

त्याला तिरडीवर उताणा निजवायला लागले तसे आमचे वस्ताद आडवे आले. "थांबा! ह्या पोराची जल्मात पाठ लागली न्हाई, आन् आता तुम्ही चौघं मिळून लावता व्हय?"

एक म्हातारा म्हणला, "वस्ताद, मेलेला माणूस उताणाच नेतात. रीत हाय."

"रीत असंल तुमची. मी चीत नेऊ देणार न्हाई."

लई वेळ हुज्जत झाली. शेवटी वस्तादांनी स्वतःचा लंगोट आणला, त्याची घडी केली आन् पैलवानाच्या डाव्या खांद्याखाली सारली. एक खांदा वर असला की कुस्ती निकाली न्हाई, हे सगळ्या मुलखाला म्हाईत. "आता न्या," म्हणले. वाटेत घडी सरकली की वस्ताद तिरडी थांबवायचे, घडी बराबर करायचे, डोळे पुसायचे आन् म्हणायचे, "चला." मसणवटा येईस्तोवर खांदेकरी रडून राह्यले होते का हसून, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मी बी खांदा दिल्ता. मला बी कळलं न्हाई.

आता राह्यली फटफटी. शेठच्या पोराला त्याच दिवशी लोकांनी बैलगाडीत घालून परतूरला पोचवलं, त्याची वाचाच बसली होती. फटफटी आम्ही नाल्यातून ढकलत आणून तालमीपुढच्या लिंबाला बांधली. बांधली म्हणजे चऱ्हाटानं, आवळून. उभ्या राह्यलेल्या मशीनला दावं कशाला, असं कुणी विचारलं न्हाई. माणूस मारलेलं जनावर मोकळं कोण ठेवतं?

मंग पुढची चर्चा सुरू झाली. सुतार म्हणला, मारक्या बैलाच्या गळ्यात लोढणं घालतात, म्हणजे पळायला गेला की लाकूड गुडघ्यावर बसतं. हिला बी घाला. त्यानं बाभळीचा ओंडका तासून आणला, साखळीनं मुठींच्या मधी टांगला, बरोबर म्होरच्या चाकापुढं. दुसऱ्यानं वेसण आणली. पण वेसण घालायची कुठं? दिवा म्हणजे डोळा, डोळ्याखाली नाक, इथपर्यंत एकमत झालं. डोळा एकच, तो बी फुटलेला.

"म्हणून बुजली," वस्ताद म्हणले. "एकडोळ्या जनावरावर बसायचंच कशाला?"

मी म्हणलं, "वस्ताद, बसला तवा डोळा धड होता."

"तू गप. तुझी माती वली होती."

पैलवानाच्या आईला मी काकी म्हणायचो. नवरा आधीच गेलेला, हा एकुलता एक. ती ह्या चेष्टेत नव्हती. ती सकाळीच येऊन फटफटीपुढं बसायची, दिवसभर. घरी चूल पेटली न्हाई. शेजारच्या बाया भाकर आणून द्यायच्या, ती अर्धी खायची, अर्धी तशीच राहायची. एकच वाक्य बोलायची. "हिला हितून हलू द्यायची न्हाई. आज माझं खाल्लं, उद्या दुसरीचं खाईल."

आन् गावाची तोंडं काय बंद होतात? पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, पोराला मस्ती आल्ती, पळवली असंल भन्नाट. ते काकीच्या कानावर गेल्तं. पोरगं गेलं ते एक, आन् मस्तीनं गेलं ते दुसरं. दुसऱ्यानं ती जास्त खचली होती.

तेरावा झाल्यावर शेठ पोराला घेऊन बैलांच्या छोट्या दमणीतून आले. पोरगं आधीच वाळलेलं, आता तर सावली बी पडंना त्याची. शेठनं फेटा काढून काकीपुढं ठेवला. "माय, आमच्या घरची चीज, आमचाच गुन्हा. म्हणाल ती सजा कबूल. पण मशीन नेऊ द्या. हे लेकरू रात्रंदिन हिचंच नाव घेतं."

"नेऊन काय करणार, शेठ?"

"विकून टाकतो. बिलकुल नजरेसमोर नको."

"विकू नका!" काकी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "विकली की दुसऱ्या घरी जाईल. त्या घरी बी पोरगं असंल. बांधून ठेवायची. कुणी बसायचं न्हाई."

शेठ म्हणले, "वचन दिलं. कापसाच्या कोठ्यात बांधतो."

वचन झालं, पण न्यायची कशी? दमणीत ती मावेना, बैलगाडीत घालावी तर गावात एक माणूस गाडी द्यायला तयार होईना. मारकं धूड गाडीत बघून बैल बिथरतील म्हणले. शेठचा पोरगा हळूच म्हणला, "मी चालवत नेतो. बिलकुल सावकाश."

काकी उठून उभी राह्यली. "तू बसणार? मंग ती हितंच सडू दे."

आन् मला गप बसणं जमत न्हाई. मी म्हणलं, "काकी, त्याला बसू द्या. मागून कासरा मी धरतो. मी धरल्यावर कशी पळती ते बघतो."

वस्ताद म्हणले, "तुला तर रोज..."

"वस्ताद, माती वली होती."

काकी घरी जाऊन बैलाचा कासरा घेऊन आली आन् फटफटीच्या मागच्या दांडीला स्वतःच्या हातानं गाठ मारली. "हे पोरगं धड घरी पोचलं पाह्यजे," म्हणली. "त्याचा जबाब मी तुझ्याकडून घेईन." लोढणं तिनं काढू दिलं न्हाई.

अशी आमची वरात निघाली. म्होरं शेठची दमणी, मागं फटफटी, तिच्यावर शेठचा पोरगा, त्याच्या मागं कासरा धरून मी. लोढणं दर हातभर अंतरावर चाकाला ठोका द्यायचं, ठाक, ठाक, आन् फटफटी खोकायची. धूर सगळा माझ्या तोंडावर. जरा वेग वाढला की मी टाचा रोवायचो, पोरगं मागं वळून म्हणायचं, "पैलवान, ओढू नका, बंद पडती." मी म्हणायचो, "पडू दे." पडायची. मंग तो लाथा मारून मारून सुरू करायचा. बैलाला बी आम्ही इतक्या लाथा मारत न्हाई.

रस्त्यावर खडी फोडणारी माणसं उभी राह्यली. एक जण ओरडला, "काय पैलवान, बाजाराला काढली का? दात किती हायेत?"

"जुळली हाय, सगळे दात आलेत," मी म्हणलं. "मारकी हाय, लांब व्हा."

"दूध देती का?"

"तुझी सासू देती तेवढंच."

मी कासरा सोडला न्हाई. हाताला फोड आले तरी सोडला न्हाई, आन् कुणी हसलं म्हणून तर बिलकुल न्हाई.

नाला आला तसं पोरानं फटफटी आपणच बंद केली. खाली उतरला. दमणी पुढं निघून गेल्ती. ती दरड अजून ताजी खरचटलेली होती. तो तिथं खाली बसला आन् बोलायला लागला, त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा.

"पैलवान, मी मागून पळत होतो. वरडत होतो, पायाचा बिरिक दाबा, पायाचा. त्यानं ऐकलं, पण पाय हलवलाच न्हाई. उतार बघितला आन् दोन्ही हातांनी मुठी मागं ओढल्या. 'हो, हो' म्हणत होता. जीव तोडून ओढत होता. मशीनची उजवी मूठ मागं पिरगाळली की मशीन पळती. त्यानं जितकी ओढली तितकी ती पळली."

मला कळायला वेळ लागला. मंग कळलं. गाडीवर बसलेला आमच्यातला कुणी बी तेच करणार. बैल आवरायचा म्हणजे कासरा मागं खेचायचा, आन् तोंडानं हो हो म्हणायचं. पाय कोण दाबतं? पायानं का बैल थांबतो?

"मंग त्यानं बराबरच केलं," मी म्हणलं. "तुझी मशीनच उलटी हाय."

"मी सांगायला पाह्यजे होतं."

"तुला काय म्हाईत आम्ही कसं थांबवतो ते. तू जल्मात बैल हाकला का?"

तो न्हाई म्हणला. मंग दोघं मिळून तिला नाल्यातून ढकलत नेलं, मी डाव्या बाजूनं, तो उजव्या. वर गेल्यावर बी तो परत बसला न्हाई. म्हणला, ढकलतच नेऊ. लोढण्यासकट ती म्हैस परतूरपर्यंत ढकलायची म्हणजे रोजच्या शंभर जोरांना भारी पडलं. पण तो पोरगा नेट लावून ढकलत राह्यला, आन् मी त्याच्याआधी थकणं शक्यच नव्हतं.

शेठनं कोठ्यात फटफटी बांधली, माझ्या डोळ्यापुढं, खांबाला. शेठाणीनं मला ताटावर बसवलं. मी न्हाई म्हणलं. तुपाची वाटी बघून बसलो. कासरा तिथंच ठेवून अंधार पडायच्या आत घरी चालत आलो.

काकी ओट्यावर बसली होती. "पोचला?"

"धड पोचला. बसला बी न्हाई अर्ध्या वाटेपासून. बांधून आलो."

मंग मी तिला नाल्यावर ऐकलेलं सांगितलं. मस्ती नव्हती काकी, म्हणलं. थांबवून राह्यला होता. दोन्ही हातांनी, 'हो हो' म्हणत.

"ओढत होता?" म्हणली.

"शेवटपर्यंत."

तेव्हा ती रडली. तेरा दिवसांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. तिथं आम्ही दोघंच होतो, त्यामुळं मी काय केलं ते सांगायची गरज न्हाई. मंग तिनं पदरानं तोंड पुसलं आन् विचारलं, "आज बांधली. पण उद्या सोडली तर? पोरांचं काय सांगता येतं?"

मी म्हणलं, "शेठनं वचन दिलंय."

"शेठनं दिलंय. पोरानं कुठं दिलंय?"

त्या रात्री मी कोठ्यातल्या खांबाची गाठ आठवत कूस बदलत राह्यलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या घरातून धूर निघताना दिसला. तिनं दोन भाकरी भाजून फडक्यात बांधून दिल्या, वर ठेचा. त्या काखेत मारल्या आन् फोड आलेले हात घेऊन तीन कोस चालत मी परत परतूरला गेलो, फटफटी बांधलेली हाय का न्हाई ते बघायला.